सरळ रेषा: पाठ नको, समज हवी

फळ्यावर 'य = म × क्ष + क' लिहिले की बरीच मुले सूत्र पाठ करू लागतात, आणि परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला की अडतात. म्हणून एक घरचेच उदाहरण घेऊ.

धाकट्या भावाला ताप आहे. तापमापक ३९ अंश सेल्सियस दाखवतो. आजीला मात्र फॅरनहाइटच कळते. नियम असा:

फॅरनहाइट = १.८ × सेल्सियस + ३२

म्हणजे ७०.२ + ३२ = १०२.२. ताप चांगलाच आहे, डॉक्टरांकडे न्यायला हवे!

यातील ३२ म्हणजे 'क', आपली सुरुवात. सेल्सियस शून्य असताना रेषा उभ्या अक्षाला येथेच छेदते. १.८ म्हणजे 'म', रेषेचा चढ. आम्ही हिंदी माध्यमात यालाच 'प्रवणता' म्हणत असू. सेल्सियस १ अंशाने वाढले की फॅरनहाइट दर वेळी १.८ नेच वाढते. ही वाढ कधी बदलत नाही, म्हणून तर रेषा सरळ!

आता (०, ३२) आणि (१००, २१२) हे बिंदू आलेखावर मांडून पट्टीने जोडा. दोन्ही आकडे सारखे कोठे होतात? शून्याच्या खाली शोधा आणि उत्तर मला आणून दाखवा.

– प्राचार्य