भिंतीवरून विचारपूस

असरची नमाज होते आणि परभणीच्या जुन्या मोहल्ल्यांतलं ऊन ओट्यांवरून खाली सरकू लागतं. इफ्तारला तास-दीड तास उरलेला असतो. रोजेदारासाठी दिवसातला हाच वेळ सर्वांत लांब. घरात भज्यांचं पीठ भिजवून ठेवलेलं असतं, फळं चिरायची असतात, आणि बाहेर ओट्यावर म्हाताऱ्या माणसांची बैठक बसलेली असते. नानलपेठ असो, गुजरी बाजारामागचा बोळ असो की दर्गा रोड, या वेळेला सगळीकडे तेच बोलणं. कोणाची लेक माहेरी आली, कोणाचा मुलगा पुण्याहून सुट्टीवर आला, कोणाची शेळी व्याली, नळाला पाणी कधी येणार.

वर्षभर शेजारी एकमेकांना विचारतात, ‘जेवण झालं का?’ रमजान लागला की हा प्रश्न आपोआप बदलतो. ‘सहरीला जाग आली का भाभी? रोजा कसा चाललाय?’ असं भिंतीपलीकडची काकू विचारते. तिला हे कोणी शिकवलेलं नसतं. चाळीस वर्षं शेजारी राहिल्यावर कुठल्या महिन्यात काय विचारायचं, हे जिभेलाच कळतं.

साध्या गप्पा म्हणून आपण याकडे दुर्लक्ष करतो. पण शहर शहरासारखं राहतं ते या गप्पांमुळे. रमजान हा जिभेवर ताबा ठेवायला शिकवणारा महिना आहे, म्हणून या गप्पांचा विचार करायला तो योग्य महिना.

दोन भाषांचा एक ओटा

परभणीच्या ओट्यावरची भाषा नीट ऐकावी. काकू विचारते, ‘भाभी, लेक आली का हो बाळंतपणाला?’ उत्तर येतं, ‘हौ, कलइच आई.’ ‘कालच आली’ यातला मराठीचा ‘च’ दखनीत ‘इच’ होऊन बसला आहे. उत्तर भारतातली उर्दू या जागी ‘ही’ वापरते. मराठीतला ‘नको’ दखनीत ‘नक्को’ झाला. चहाचा दुसरा कप पुढे केला की ‘नक्को जी, बस हुआ’ असं म्हणणारी खाला नकळत मराठी बोलत असते.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. कामकाजाची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही माध्यम उर्दूच. त्यामुळे त्या पिढीतले मराठी घरांतले अनेक आजोबा उर्दूत शिकले. दवाखाना, दुकान, वकील, हजर, जमीन, तारीख या शब्दांना आज कोणी परकं म्हणत नाही. परभणीकर स्वतःवर विनोद करतो तोही दोन भाषांना हाताशी धरून: ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ आणि छाती फुगवायची वेळ आली की लगेच, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’

ही भाषा कुठल्या पंडितानं बसून घडवली नाही. बाजारात, शेतात, विहिरीवर आणि ओट्यावर रोज बोलता बोलता ती घडली. लोकांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं असतं, तर हा ‘इच’ जन्माला आला नसता.

जात्यावरचं नातं

याहून जुनं एक नातं जात्याशी आहे. संत जनाबाईंचं जन्मगाव गंगाखेड याच जिल्ह्यातलं, गोदावरीच्या काठचं. जनीला दळू लागणारा विठ्ठल इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. पहाटे जात्यावर बसून बाईनं ओवीत भावाचं, माहेराचं, लेकराचं आणि देवाचं बोलावं, ही मराठी घरांची रीत होती.

दखनी बोलणाऱ्या घरांतही ती होती. विजापूरकडच्या सूफी परंपरेत सतराव्या-अठराव्या शतकांत ‘चक्कीनामा’ नावाचा गीतप्रकार रुजला. दळताना बायकांनी म्हणायची ही साध्या दखनीतली गाणी. जात्याचा खुंटा, त्याची पाळी, त्याचं फिरणं यांच्या आधारानं अल्लाहची आठवण सांगणारी. एकीकडे ओवी, दुसरीकडे चक्कीनामा. मध्ये दगड तोच आणि दाणाही तोच. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली, पण बायकांचं बोलणं गिरणीच्या रांगेत, नळावर आणि भिंतीशी चालू राहिलं.

बांगड्या भरणाऱ्या मनियारीण या बोलण्याच्या वाहक होत्या. लग्न असो, डोहाळजेवण असो की सण, मनियारीण टोपली घेऊन अंगणात बसली की निम्म्या गावाची खुशाली कळायची. बैलांना नाल ठोकणारा नालबंद, गाद्या पिंजणारा पिंजारी, पानाचा तांबोळी, अत्तराचा आतार हे सगळे धंदा करता करता माणसं जोडत. घरातल्या आजारपणाची चौकशी केल्याशिवाय त्यांचा व्यवहार पुरा होत नसे.

शेळी, मांजर आणि गल्लीतलं कुत्रं

जुन्या मोहल्ल्यातल्या गप्पांतून जनावरं काढली, तर निम्म्या गप्पा उरणार नाहीत. शेळी म्हणजे गरिबाची गाय. मराठवाड्याची काळीभोर उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळी देते, त्यामुळे ‘किती झाली?’ हा प्रश्न गल्लीभर फिरतो. भाजी निवडून उरलेला पाला आणि धान्याचा कोंडा शेजारच्या घरातून शेळीसाठी येतो. खुडूक कोंबडीखाली किती अंडी ठेवायची, यावर दोन घरच्या आज्यांचं एकमत होत नाही. पिंजऱ्यातला मिठू मात्र आता गप्पांतच उरावा हे बरं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवायला मनाई केली आहे.

सहरीच्या वेळी ताटाजवळ घुटमळणारं मांजर तर प्रत्येक घरातलं. मांजर घरात वावरणारं जनावर आहे, ते नापाक नाही, अशी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण. सहाबी अबू कतादा यांनी वुजूच्या पाण्याचं भांडं तहानलेल्या मांजरासाठी तिरकं केलं आणि ही शिकवण सांगितली, असं हदीसमध्ये आलं आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाली आणि तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, बुटात पाणी भरून आणून पाजणाऱ्या माणसाला क्षमा मिळाली, या दोन गोष्टी मुलांना घरोघरी सांगितल्या जातात. अनेक मुस्लिम घरांत कुत्रं पाळत नाहीत, पण गल्लीतल्या कुत्र्याच्या वाट्याची भाकरी बाजूला निघतेच. रोजा धरणाऱ्याला तहान म्हणजे काय ते दिवसभर कळत असतं. दारापुढे पाण्याचं मातीचं भांडं ठेवायला त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

ही जनावरं भांडणंही लावतात. शेळीनं शेजारच्या अंगणातली जास्वंद ओरबाडली की आवाज चढतो. पण रोजचं बोलणं असेल, तर वाद ‘जरा बांधून ठेवत जा जी’ इथपर्यंत जाऊन थांबतो. संध्याकाळी मुलं पुन्हा एकत्र खेळतात. बोलणं नसेल, तर शेळी अमक्या घरची राहत नाही. ती ‘त्या लोकांची’ होते. दोन घरांची कुरबुर दोन समाजांची व्हायला मग वेळ लागत नाही. रोजच्या बिनमहत्त्वाच्या गप्पा किती महत्त्वाच्या आहेत, हे अशा वेळी कळतं.

जिभेचा रोजा

रोजा म्हणजे फक्त उपाशी राहणं नव्हे, हे रमजानच्या प्रत्येक बयानात सांगितलं जातं. जो खोटं बोलणं सोडत नाही, त्यानं खाणं-पिणं सोडावं याची अल्लाहला गरज नाही, असा हदीसचा आशय आहे. पोटाबरोबर जिभेलाही रोजा असतो. खोटं, शिवीगाळ आणि ‘गीबत’ म्हणजे पाठीमागे केलेली निंदा या महिन्यात विशेष टाळायची असते.

मग ओट्यावरच्या गप्पांचं काय? त्यांत गीबत शिरतेच. कोणाची सून कशी, कोणाच्या मुलानं काय केलं, हे बोलताना विचारपूस कधी संपली आणि चुगली कधी सुरू झाली, कळत नाही. म्हणून काहींना वाटतं, गप्पाच बंद कराव्यात.

कुरआननं तसं सांगितलेलं नाही. सूरह हुजुरातमधली १२ वी आणि १३ वी आयत एकापाठोपाठ येतात. १२ वी आयत गीबतीची मनाई करते आणि तिची तुलना मेलेल्या भावाचं मांस खाण्याशी करते. लगेच पुढची आयत सगळ्या माणसांना उद्देशून सांगते, की तुम्हाला वेगवेगळे समूह आणि कबिले केलं ते एकमेकांना ओळखावं म्हणून. दोन्ही आयती एकत्र वाचल्या की वाट सापडते. शेजाऱ्याविषयी वाईट बोलू नका. शेजाऱ्याशी बोला, त्याला ओळखा.

आज नेमकं उलटं घडतं आहे. मोबाईलवर दुसऱ्या समाजाविषयी दिवसभर बोललं जातं. कुठल्या तरी लांबच्या गावचा व्हिडिओ येतो आणि तो पाहून माणूस आपल्या शेजाऱ्याविषयी मत बनवतो. त्या शेजाऱ्याच्या आईचं ऑपरेशन कसं झालं, हे मात्र त्यानं विचारलेलं नसतं. हा दोष कोणा एका समाजाचा नाही.

घरांची रचनाही बदलली. वसमत रोड, जिंतूर रोडकडे नव्या वसाहती वाढल्या. छातीएवढ्या भिंती गेल्या, डोक्याहून उंच कंपाउंड आणि लोखंडी फाटकं आली. ओट्याच्या जागी पार्किंग झालं. माणसं आपापल्या लोकांत घर शोधू लागली. अशा वसाहतीत वाढणाऱ्या मुलाला दुसऱ्या धर्माचा मित्र शाळेत मिळाला तर मिळाला. गल्लीत काकू, खाला, मामू मिळत नाहीत.

सर्वांत जवळचं दार

इस्लाममध्ये शेजाऱ्याचा हक्क मोठा मानला आहे. हजरत जिब्रईल शेजाऱ्याविषयी इतकी ताकीद करत राहिले, की त्याला वारसाहक्कही मिळतो की काय असं वाटलं, असं पैगंबरांनी सांगितल्याचं हदीसमध्ये आहे. रस्सा केला तर त्यात पाणी वाढवा आणि शेजाऱ्याला द्या, हीही त्यांचीच शिकवण. दोन शेजारी असतील तर भेट कोणाला द्यावी, असं हजरत आयेशा (र.) यांनी विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं: ज्याचं दार जवळ आहे त्याला. सहाबी अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी पहिली चौकशी केली ती आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पोचला का याची.

परभणीच्या घरांनी ही शिकवण आपल्या रीतीनं पाळली. शाकाहारी शेजाऱ्याकडे फळं आणि खजूर जातात. ईदला शिजवलेला शीरखुर्मा चालत नसेल तर शेवया, साखर, चारोळी असा कोरडा शिधा जातो. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, ही मराठी घराची पद्धत. त्यामुळे शिध्याची वाटी परत येताना तिच्यात चिमूटभर का होईना, साखर असते.

चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ साली तो मेच्या मध्यावर, भर उन्हाळ्यात लागला होता. सरकता सरकता तो वेगवेगळ्या सणांच्या शेजारी जाऊन बसतो. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ मार्चला ईद आली. आदल्या दिवशी भिंतीवरून साखरेची गाठी इकडे आली, दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा तिकडे गेला. परभणीत दर फेब्रुवारीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तेव्हाही असंच होतं. पाळण्यात बसणाऱ्या पोराचा धर्म कोणी विचारत नाही, आणि उरुसाला आलेल्या पाहुण्यांसाठी गाद्या शेजारच्या घरातून मागवल्या जातात.

पण सण वर्षातून एकदा-दोनदा येतात. इफ्तारच्या मोठ्या कार्यक्रमांत फोटो निघतात, पुढारी टोप्या घालतात, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते. तेही होऊ द्यावं. परंतु शेजार टिकतो तो उरलेल्या दिवसांतल्या चौकशीवर. ‘आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे?’, ‘पोराचा निकाल लागला का?’, ‘तुमची मांजर आमच्याकडे व्याली बरं का!’ अशा वाक्यांवर.

भावानं भावाशी तीन दिवसांहून जास्त अबोला धरू नये आणि दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो, अशी पैगंबरांची शिकवण आहे. रमजानमध्ये अनेक घरांतले जुने अबोले याच विचारानं सुटतात. ज्या शेजाऱ्याशी भांडण झालं नाही, पण कित्येक महिने बोलणंही झालं नाही, त्याच्याशीही एक प्रकारचा अबोलाच असतो. तो सोडायला निमित्त मोठं लागत नाही. इफ्तारच्या ताटातला खजूर पुरतो, भिंतीपलीकडून ‘काय चाललंय हो?’ एवढं विचारणंही पुरतं. ज्याचं दार जवळ आहे, त्याच्यापासून सुरुवात करावी.