कटकट एक्सलची, मूळ रबरात

मारुती ८०० किंवा जुनी झेन वळणावर ‘कट-कट-कट’ करायला लागली की पुष्कळदा एकच निकाल ऐकू येतो: “एक्सल गेला, अख्खा बदला.” खरं तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत दोन्ही बाजूंना वेगवेगळे एक्सल असतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतो. मधला दांडा सहसा शाबूतच असतो. झिजतो तो चाकाकडचा जॉइंट. बऱ्याच गाड्यांत तो सुटा बदलता येतो.

खड्ड्यांनी एक्सल खाल्ला, ही दुसरी समजूत. खड्डे उगाच बदनाम आहेत. जॉइंटवरचा रबरी बूट फाटतो, फिरत्या चाकाबरोबर ग्रीस बाहेर उडतं, धूळ-पाणी आत शिरतं आणि पोलादी गोळ्या ज्या खाचांत फिरतात त्या खाचा खरवडल्या जातात. रबर वयानंही कडक होऊन तडकतं. त्यामुळे ‘गाडी फारशी पळालेलीच नाही’ हा दिलासा जुन्या गाडीला लागू नाही.

नवं ग्रीस भरून आवाज थांबतो का? थोडे दिवस दबतो. झीज भरून येत नाही. मात्र बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज सुरू झाला नसेल, तर जॉइंट धुऊन, नवं मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस आणि नवा बूट घालून काम भागतं. अशा वेळी मूळ कंपनीचा एक्सल काढून स्वस्तातला बिननावाचा बसवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

प्रत्येक आवाज एक्सलचाही नसतो. वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा बेअरिंगची. स्टिअरिंग पूर्ण वळवून मोकळ्या जागेत हळू गोल फिरताना कटकट झाली, तर संशय बाहेरच्या जॉइंटवर. सरळ रस्त्यावर रेस देताच गाडी थरथरली, तर आतल्यावर. एक बाजू गेली म्हणून दुसरी बदलायलाच हवी असं नाही. तिचा बूट तेवढा तपासावा.

‘एक तुटला तरी दुसऱ्यावर घरी पोचू’ हा सर्वांत धोक्याचा समज. साध्या डिफरन्शियलमध्ये ताकद तुटक्या बाजूलाच वाया जाते आणि गाडी जागची हलत नाही. चढावर ती नुसती गिअरमध्ये ठेवूनही थांबत नाही. आधी हँडब्रेक ओढा, मगच खाली उतरा आणि चाकांखाली दगड लावा.