वादळाआधी पाणी किती सोडायचे?

दक्षिण फ्लोरिडात वादळाची चाहूल लागली, की कालव्यांची पातळी आधीच उतरवतात. जमीन इतकी सपाट, की पाणी समुद्रात जाते ते ओहोटीच्या मर्जीने. ओहोटीला कालव्यांची दारे उघडायची, भरती चढली की बंद करायची. नाहीतर खारे पाणीच आत शिरायचे. कालवे फार रिते करूनही भागत नाही. वादळ ऐनवेळी दुसरीकडे वळले, तर गोडे पाणी फुकट जाते आणि मायामीच्या विहिरींकडे खारे पाणी सरकते.

याच भागातल्या ओकीचोबी सरोवराचे गणित निराळे. विस्तार सुमारे १,९०० चौरस किलोमीटर. पातळी फूटभर उतरवायची, तर जवळजवळ २० टीएमसी पाणी सोडावे लागते. वादळाआधीच्या दोन दिवसांत ते कसे व्हावे? १९२८च्या वादळात इथला मातीचा बांध फुटून किमान अडीच हजार माणसे गेली. पुढे उभारलेल्या हर्बर्ट हूवर बांधाची मोठी दुरुस्ती २०२३मध्ये पुरी झाली. पण पाणी आत येण्याचा वेग बाहेर जाण्याच्या कित्येक पट. २०१७च्या इर्मा वादळानंतर सरोवर साधारण महिन्याभरात तीन फुटांहून अधिक चढले. तेव्हा ‘सरोवर आदल्या दिवशी का रिकामे केले नाही?’ ही दरवेळची तक्रार बिनबुडाची आहे.