पाचगणीचा पियानो, लंडनची टेप

क्वीन या ब्रिटिश बँडचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा अल्बम नोव्हेंबर १९७५ मध्ये बाजारात आला. त्याला आता पन्नास वर्षं उलटली. चिंचणीत बसून त्याचा मागोवा घ्यायला निमित्त आहे. चिंचणीजवळच्या वाणगावहून उत्तरेकडे जाणारी गाडी डहाणू, घोलवड, संजाण, उदवाडा करत वलसाडला पोहोचते. वलसाडचं जुनं नाव बुलसार. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी मूळचा फारोख बुलसारा. त्याचं आडनाव याच गावावरून आलेलं.

फारोखचा जन्म १९४६ सालचा, झांझिबारचा. वडील तिथे सरकारी नोकरीत रोखपाल. पोरगा आठ वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. तिथे तो पियानो शिकला, शाळेच्या गायनवृंदात गायला. १९५८ साली पाच पोरांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात मुख्य गायक होता ब्रूस मरे, फारोख पियानोवर. त्यांच्यातलाच फरांग इराणी पुढे पुण्यात रेस्टॉरंट चालवू लागला. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत क्वीन उभा राहिला. वर्षभराने जॉन डीकन आला आणि चौकडी पुरी झाली.

१९७५ पर्यंत बँडला नाव मिळालं होतं, पैसा मात्र नव्हता. जुन्या व्यवस्थापनाशी भांडण होऊन काडीमोड झालेला. अल्बमचं पहिलंच गाणं त्या रागातून आलं आहे. पुढे मात्र चौघांनी नुसती धमाल केली. एका गाण्यात फ्रेडीचा आवाज पत्र्याच्या बादलीत ठेवलेल्या हेडफोनमधून सोडून पुन्हा ध्वनिमुद्रित केला. दुसऱ्या एका गाण्यातला टॅप डान्स म्हणजे बोटांत शिवणाची अंगुस्तानं घालून धरलेला ठेका. मेने अख्खा जॅझ वाद्यवृंद एका गिटारवर उभा केला. ती गिटारही त्याने शाळकरी वयात वडिलांच्या मदतीने घरी बनवलेली.

याच अल्बममधलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सहा मिनिटांच्या आसपासचं. त्यातल्या ऑपेराच्या भागासाठी फ्रेडी, मे आणि टेलर यांनी आपलेच आवाज एकावर एक इतक्या वेळा चढवले, की टेप झिजून आरपार दिसू लागली. एवढं लांब गाणं रेडिओ वाजवणार नाही, असं जाणकारांनी बजावलं होतं. ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. १९९१ मध्ये फ्रेडी गेल्यावर पुन्हा तिथेच पोहोचलं.

पाचगणीच्या वर्षांबद्दल फ्रेडी जाहीरपणे फारसं बोलला नाही. त्यामुळे या अल्बमचं श्रेय पाचगणीला देणं म्हणजे ओढूनताणून नातं जोडणं. पण इतकं म्हणता येतं, की बोर्डिंगच्या शाळेत चर्चची भजनं, पियानोचे धडे आणि रॉक अँड रोल एकाच वेळी ज्याच्या कानावर पडलं, त्याला ऑपेरा आणि हार्ड रॉक एका रेकॉर्डवर ठेवताना संकोच वाटला नाही. सत्तरच्या दशकातले पुष्कळ हार्ड रॉक अल्बम एकाच सुराला धरून बसतात. हा बसत नाही. म्हणूनच तो काही ठिकाणी विस्कळीत वाटतो आणि म्हणूनच अजून जुना झालेला नाही.

आपल्याकडे बहुतेकांनी यातलं एकच गाणं, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', ऐकलेलं असतं. ते थोडा वेळ बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, आठ मिनिटांहून लांब 'द प्रॉफेट्स साँग', लावा आणि तिथून शेवटपर्यंत सलग ऐका. बँडची खरी ताकद तिथे कळते.