रिकामी पुंगळी

गेल्या वर्षी एन.सी.सी.च्या शिबिरात प्रत्येकाच्या पाच गोळ्या झाडून झाल्या आणि हवालदारसाहेबांनी रिकाम्या पुंगळ्या मोजल्या. एक कमी भरली. आम्ही सारे ऊन उतरेपर्यंत गवत चाचपीत होतो. ती पुंगळी माझ्याच खिशात होती! आठवण म्हणून ठेवलेली. अखेर धीर करून ती पुढे केली. रागावण्याआधी साहेबांनी विचारले, ‘‘रिकामी पुंगळी कशाला मोजतात, ठाऊक आहे?’’ मला ठाऊक नव्हते. पुढे जी माहिती मिळवली, ती येथे देत आहे.

रायफलच्या काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाल्यावर पुंगळी तेवढी कामाची उरते. तिच्या पितळेत साधारण ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असते. मोठ्या रायफलीत बार होताना हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब निर्माण होतो. पुंगळी फुगून भोवतालच्या पोलादाला घट्ट बसते, त्यामुळे वायू मागे येत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते, म्हणूनच बाहेर ओढता येते. पण मूळ मापावर मात्र येत नाही.

हे आकसणे मला काकांनी समजावले. ते तारापूर औद्योगिक वसाहतीत प्रेसवर काम करतात. ‘‘पत्रा काटकोनात वाकवायचा तर थोडा जास्तच वाकवावा लागतो. दाब काढला की तो परत उघडतो बघ,’’ ते म्हणाले. पुंगळीचेही तसेच. ती पुन्हा वापरायची तर वंगण लावून पोलादी साच्यात दाबतात. साच्याचे माप हव्या त्याहून किंचित लहान असते. मधली सुई जुनी टोपी बाहेर ढकलते. लांबी वाढली असेल तर तोंड कापून सारखे करतात.

मात्र प्रत्येक फुगण्या-दाबण्याने पितळ कडक होते व मानेला तडे जातात. म्हणून मान तापवून मऊ करतात. बूड मात्र तापू देत नाहीत; ते मऊ पडले तर दाब सोसणार नाही. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात पावसाळ्यात साठवलेली काडतुसे न वापरताच तडकत. पितळेत राहिलेला ताण आणि तबेल्यातील अमोनिया हे त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले.

अमेरिकेत हौशी नेमबाज हा उद्योग घरी करतात. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात मात्र काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही दारूगोळ्यातच मोडतात. परवान्यावाचून काडतूस बनवणे हा गुन्हा आहे.

आता गंमत अशी की, माझी पुंगळी पॉइंट टू टू रायफलीची होती. तिला वेगळी टोपी नसते. ठिणगीचे मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते आणि घाव बसून तीच कड चेपते. ती सहसा पुन्हा भरता येत नाही. मग ती कशासाठी मोजायची? कारण प्रत्येक पुंगळी म्हणजे दिलेली गोळी तेथेच झाडली गेल्याची पावती. मी एक पितळेचा तुकडा खिशात घातला, आणि साहेबांच्या वहीत एक जिवंत काडतूस बेपत्ता झाले.