हाडांचे सिमेंट

सिमेंट म्हटले की गवंडी, थापी आणि चिऱ्यांची भिंत डोळ्यांसमोर येते. परंतु याच नावाचा एक पदार्थ शस्त्रक्रियागृहातही वापरतात. त्याची ओळख आम्ही आमच्या वाचकांस येथे करून देत आहोत.

इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी खुब्याच्या झिजलेल्या सांध्याच्या जागी कृत्रिम सांधा पक्का बसविण्यासाठी १९५८ मध्ये अ‍ॅक्रिलिक सिमेंटचा उपयोग आरंभिला. तत्पूर्वी हा पदार्थ दंतवैद्यांच्या परिचयाचा होता. भुकटी व द्रव एकत्र कालविले की कणकेसारखा गोळा होतो आणि सुमारे दहा-पंधरा मिनिटांत तो दगडासारखा कठीण बनतो. तो डिंकासारखा चिकटत नाही. हाडाच्या बारीक छिद्रांत शिरून तेथेच पकड घेतो. पुढे १९८४ मध्ये फ्रान्समधील आमियां येथे, गाठीने पोखरलेल्या मानेच्या मणक्यात हे सिमेंट सुईवाटे भरण्यात आले. मोठी चीरफाड न करता हाडाला आधार मिळाला.

तथापि खरा पेच जंतूंचा होता. हाडात पू झाला की तेथील रक्तपुरवठा खुंटतो. औषध तर रक्तावाटेच जावयाचे. मग ते आजारी जागी पुरेसे पोहोचावे कसे? मात्रा फार वाढविली तर मूत्रपिंडांस किंवा कानांस अपाय होण्याचे भय. असे दुखणे हटले नाही, तर पाय कापण्याचीही पाळी येते. हॅम्बुर्गचे बुखहोल्त्स व त्यांचे सहकारी यांनी सिमेंटमध्येच जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळले व १९७० मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. घट्ट होताना सिमेंट तापते. ती उष्णता हे औषध सोसते. आधार देणारा पदार्थ अशा रीतीने औषधाचा वाहकही झाला.

यातही उणिवा आहेत. बरेचसे औषध आरंभीच्या दिवसांत पाझरते व उरलेले आतच अडकून राहते. शिवाय अ‍ॅक्रिलिकचे हाड कधीच होत नाही. अमेरिकेतील ब्राऊन आणि चाऊ यांनी १९८० नंतरच्या दशकात कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंट पुढे आणले. ते शरीराच्या उष्णतेतच, फारसे न तापता घट्ट होते आणि हाडातील खनिजाशी त्याचे जवळचे साम्य असते. शरीरातील पेशी ते हळूहळू कुरतडतात व त्या जागी नवे हाड घडवितात. मात्र ते ठिसूळ असल्याने मोठा भार एकट्याने पेलू शकत नाही.

जंतूंचा उपद्रव होतो तेथे आम्लता वाढते. ही खूण ओळखून गरजेपुरतेच औषध सोडणाऱ्या 'चतुर' सिमेंटवर संशोधन चालू आहे. त्यातील बहुतेक काम अद्याप प्रयोगशाळेत आहे.

गवंड्याचे सिमेंट जितके टिकेल तितके चांगले. हाडांचे उत्तम सिमेंट मात्र तेच, जे पडता काळ निभावून नेते आणि नवे हाड उभे राहू लागताच त्याला आपली जागा मोकळी करून देते.