पाठातील यशाचे निकष

एखाद्या पाठात विद्यार्थ्याने काय साध्य करावयाचे आणि ते साधले हे कोणत्या खुणांवरून ओळखावयाचे, हे ज्या विधानांनी अगोदर स्पष्ट केले जाते, त्यांना यशाचे निकष म्हणतात. निकष म्हणजे सोन्याचा कस पाहण्याचा दगड. अध्यापनात तो परंपरेने परीक्षकाच्या हाती राहिला. तो विद्यार्थ्याच्याही हाती द्यावा, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. उद्दिष्टाने अध्ययनाची दिशा कळते, तर निकषांनी त्या दिशेने झालेली प्रगती ओळखता येते.

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत ‘कृष्णेचा प्रवाह नकाशात दाखविणे’ असे उद्दिष्ट असल्यास पुढील निकष ठरविता येतील : नदीचा उगम महाबळेश्वर येथे दाखविला आहे, कराड येथे कोयनेचा व सांगलीजवळ हरिपूर येथे वारणेचा संगम योग्य क्रमाने आला आहे, प्रवाहाची दिशा बाणाने दर्शविली आहे, वापरलेल्या चिन्हांची सूची दिली आहे. ‘नकाशा नीट काढा’ या सूचनेने असा बोध होत नाही. निकष ठाऊक असल्यास विद्यार्थी आपला नकाशा स्वतः तपासतो, शेजाऱ्याचा तपासू शकतो आणि शिक्षकाने ‘वारणेचा संगम कराडच्या वर आला आहे’ असे सांगताच कोठे दुरुस्ती करावयाची हे त्याला उमगते. दहापैकी सहा गुण या शेऱ्याने ते उमगत नाही.

बेंजामिन ब्लूम व त्याचे सहकारी यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण मांडले. अपेक्षित दर्जा, स्वतःची सद्यःस्थिती आणि त्यांतील अंतर कमी करण्याचे उपाय ही तिन्ही विद्यार्थ्याला उमगली पाहिजेत, असे रॉइस सॅडलर याने १९८९ मध्ये प्रतिपादिले. पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांच्या १९९८ मधील विवेचनाने आकारिक मूल्यमापनाचे महत्त्व अधोरेखित झाले. भारतात आर्. एच्. दवे समितीने किमान अध्ययन क्षमता निश्चित केल्या (१९९१) व महाराष्ट्रात १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित करण्यात आला. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले; २०१७ मध्ये राष्ट्रीय स्तरावर अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध झाल्या. ही सर्व विधाने मुख्यतः शिक्षकासाठी आहेत. त्यांचे मुलाच्या भाषेत रूपांतर होते, तेव्हाच ती पाठाचे निकष बनतात.

सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावादी अध्यापन रुजले. मुलाने साहित्य हाताळत, गटात व स्वतःच्या गतीने शिकावे, यावर तेथे भर होता. राज्याच्या अनेक भागांतून शिक्षक या शाळा पाहण्यास येत. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला व प्रत्येक मुलाची प्रगती हा त्याचा केंद्रविचार ठरला.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. निकष फार सूक्ष्म केल्यास पाठ खुणा करण्याच्या यादीत परिणत होतो व नोंदींचा भार वाढतो. कविता, निबंध, चित्र यांतील गुण आगाऊ विधानांत पुरतेपणी बांधता येत नाहीत. तेथे चांगले व सामान्य असे दोन नमुने मुलांपुढे ठेवून त्यांच्याकडूनच निकष काढून घेणे इष्ट ठरते. निकष तीन-चारच व सोप्या भाषेत असावेत.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडनजीक काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे या भागात शेतकरी-कष्टकऱ्यांची मुले मोठ्या संख्येने शाळेत आली. ज्या घरातील पहिलीच पिढी शिकत असते, तेथे शाळेची अपेक्षा उलगडून सांगणारे कोणी नसते. सुशिक्षित घरातील मुलाला ती न सांगताही कळते. इतरांना ती वर्गातच सांगावी लागते. म्हणून निकषांची स्पष्टता ही केवळ अध्यापनाची सोय नसून शैक्षणिक समतेची एक अट आहे.